वजनकाट्यावरचा आकडा आणि घरातील तीन माणसे

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ४१, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ६१ किलो आहे. कार्यालयाने करवून घेतलेल्या आरोग्य तपासणीच्या अहवालात आपल्या नावापुढे ‘अतिवजन’ असा शेरा आला. मोबाइलवरील एका गणकात तेच आकडे घातले तेव्हा ‘सामान्य’ असे उत्तर मिळाले. आणि व्यायामशाळेतील यंत्राने शरीरात ३६ टक्के चरबी असल्याचे सांगून आपल्याला धास्तावून सोडले. यांपैकी खरे काय मानावे, आणि लग्नाच्या वेळचे ५० किलो वजन पुन्हा गाठायलाच हवे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. ओघात आपण घरातील आणखी दोन माणसांचा उल्लेख केला आहे. यजमानांचे वय ४४, उंची १७२ सेंटिमीटर व वजन ६७ किलो आहे. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता, त्यांचे स्वतःचे काम दिवसभर बसून असते आणि पोट ‘थोडेसे’ सुटले आहे, पण पँटचा नंबर गेली कित्येक वर्षे ३४ च असल्यामुळे त्यांनी कसलीही तपासणी केलेली नाही. सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत, त्यांची उंची १५० सेंटिमीटर आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांचे वजन ५२ किलोंवरून ४६ किलोंवर आल्यामुळे घरात सगळे त्यांचे उदाहरण देतात.

तिघांचे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारे आकडे, मांडले तर आपला २४.७, यजमानांचा २२.६ आणि सासूबाईंचा २०.४ येतो. या आकड्यांच्या क्रमाने पाहिले तर काळजी फक्त आपली करावी लागेल. गेली सव्वीस वर्षे फिजिशियन म्हणून रुग्ण तपासताना मी जे पाहिले आहे, त्यावरून मी हा क्रम पूर्ण उलटा लावीन. सर्वांत आधी सासूबाईंची तपासणी व्हावी, मग यजमानांची, आणि आपल्याविषयी सावकाशीने बोलता येईल. म्हणून उत्तरही त्याच क्रमाने लिहितो.

सासूबाईंनी ५२ पैकी ६ किलो, म्हणजे वजनाचा साडेअकरा टक्के भाग, सहा महिन्यांत गमावला आहे. त्यांनी आहार जाणूनबुजून बदलला किंवा व्यायाम सुरू केला असे आपण कुठेही लिहिलेले नाही. वयस्क माणसाचे वजन काहीही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर कारण सापडेपर्यंत ते आजाराचे लक्षण समजावे, असा वैद्यकातला साधा दंडक आहे. त्यांची घट त्याच्या दुपटीहून जास्त आहे. बीएमआय २०.४ असल्यामुळे कोणताही तक्ता त्यांना ‘सामान्य’ म्हणेल, कारण तक्त्याला फक्त आजचे वजन ठाऊक असते आणि ते कुठून कुठे आले हे त्यात लिहिलेले नसते. या वयात वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि गेलेले स्नायू परत मिळवणे सत्तरीच्या उंबरठ्यावर फार अवघड असते. पुढे बाथरूममध्ये पाय घसरून पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि त्यानंतरचे अंथरूण यांची सुरुवात पुष्कळदा अशा कौतुक झालेल्या हलकेपणातून होते.

कारणे अनेक असू शकतात आणि त्यांतली बरीचशी उपचाराने दूर होण्यासारखी असतात. लक्षात न आलेला किंवा नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह, थायरॉईडचे वाढलेले काम, क्षयरोग, पोटाचे विकार, कर्करोग, एखाद्या औषधामुळे मेलेली भूक, सैल झालेली कवळी किंवा दुखरे दात आणि मनाची उदासी, ही त्यांतली नेहमी आढळणारी. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी डॉक्टरांनाही विचारायच्या राहून जातात. भाकरी चावता येत नाही म्हणून ती चहात बुडवून खाणारी आणि तशी तक्रार कधीही न करणारी आजी मी कित्येकदा पाहिली आहे. जोडीदार गेल्यावर एकटीसाठी पानात वाढून घेण्याची इच्छाच उरत नाही, हेही पाहिले आहे. या आठवड्यात त्यांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जावे. रक्ताची साधी तपासणी व ईएसआर, साखर, थायरॉईड, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार पोटाची सोनोग्राफी एवढ्यावर पहिला टप्पा होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. जाताना त्या घेत असलेली सर्व औषधे, काढे व चूर्णे धरून, पिशवीत घालून सोबत न्यावीत, आणि वजनाच्या जुन्या नोंदी असलेले कागद मिळतील तितके शोधावेत.

घरी दोन गोष्टी आपण आजच पाहू शकता. हात छातीशी घडी घालून, आधार न घेता त्यांना खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगावे. त्यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर शारीरिक कार्यक्षमता घटली आहे असे आशियाई देशांसाठी २०१९ मध्ये ठरवलेले निकष सांगतात. दुसरे म्हणजे पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर मोजावा. स्त्रियांमध्ये तो ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही स्नायू झडल्याची खूण मानतात. या दोन मोजमापांतून त्यांच्याविषयी जे कळेल ते बीएमआयमधून कळणार नाही.

कमी वजनाचा धोका आपण भारतीय फार हलक्यात घेतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील जवळपास १९ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ च्या खाली आणि २४ टक्क्यांचा २५ किंवा त्याहून वर आढळला. म्हणजे दोन्ही टोकांना कोट्यवधी माणसे आहेत, आणि चर्चा मात्र एकाच टोकाची होते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरांत झालेला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात घरातील माणसांना महिन्याचे धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिल्यावर त्यांच्यात नव्याने होणारा क्षयरोग जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला, आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यातील मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले. वजन वाढणे हा तिथे औषधाचाच भाग होता.

आता मूळ आकड्याकडे वळू, कारण यजमानांची गोष्ट त्याशिवाय समजणार नाही. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय येतो. आपली उंची १.५७ मीटर, १.५७ गुणिले १.५७ म्हणजे २.४६, ६१ भागिले २.४६ म्हणजे २४.७ हे उत्तर. हे गणित १८३० च्या दशकात बेल्जियममधील आदोल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने मांडले. त्याला आरोग्याशी कर्तव्य नव्हते. ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधताना, प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे त्याच्या ध्यानात आले, एवढेच. सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतील अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक माणसांची मोजमापे तपासली आणि चरबीचा अंदाज बांधण्यासाठी उपलब्ध सूत्रांत हेच त्यातल्या त्यात बरे आहे असे म्हणून त्याला आजचे नाव दिले. ती सारी माणसे पुरुष होती. हा इतिहास सांगतो तो सूत्राला नावे ठेवण्यासाठी नव्हे. वजनकाटा आणि भिंतीवर आखलेली पट्टी एवढ्या भांडवलावर लाखो लोकांची पाहणी करता येते, हा त्याचा गुण फार मोठा आहे. परंतु लोकसमूहासाठी बनवलेले माप एका व्यक्तीच्या अंगावर बेतताना शिंप्याने घ्यावी तशी वेगळी मापे घ्यावी लागतात.

आपल्या अहवालात आणि मोबाइलवरील गणकात फरक का आला, याचे उत्तर सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात १८.५ ते २४.९ सामान्य, २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. त्या रेषा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या आकडेवारीवर आखलेल्या होत्या. आशियातील लोकांत मधुमेह आणि हृदयविकार त्याहून कमी वजनाला सुरू होतात हे स्पष्ट झाल्यावर, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या अहवालात त्याच संघटनेने आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे जास्तीचे टप्पे सुचवले. भारतातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने आणखी स्पष्ट रेषा ठरवल्या; त्यांच्या मते २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा समजावा. आपला २४.७ जुन्या रेषेच्या किंचित आत आणि नव्या रेषेच्या बाहेर पडतो. दोन्ही ठिकाणची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. भारतीय माणसासाठी रेषा अहवालातील वापरावी.

ही रेषा खाली का आणावी लागली, याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. एकाच आकड्यात दुपटीहून अधिक फरक दडला होता. त्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला आहे, आणि त्यात दिसले ते तर अधिक विचार करायला लावणारे आहे. तिथली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोंची होती. पुण्याकडची बाळे लहान असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. म्हणजे हातपाय बारीक आणि चरबी राखून ठेवलेली, ही आपली घडण आईच्या पोटातच सुरू होते. पुढे अशा शरीराला बैठे काम आणि मुबलक तेल-साखर मिळाली की जादा चरबी त्वचेखाली मावत नाही. ती यकृतात, स्वादुपिंडात आणि आतड्यांभोवती जाऊन बसते, आणि इन्सुलिनचे काम तिथे अडते. कुणी यात आपला आळस किंवा दोष शोधू नये. परंतु आपल्या शरीराला चरबी साठवण्याची जागा कमी आहे, हे ओळखून वागावे लागते.

यजमानांचे वर्णन वाचताना मला ही गोष्ट आठवली ती यामुळेच. २२.६ या आकड्यावर निर्धास्त राहिलेली, दंड बारीक आणि पोट पुढे आलेली, चाळिशीतली माणसे माझ्याकडे पहिल्यांदा येतात ती पुष्कळदा थेट २५० च्या साखरेसह. आपल्याकडे पोट सुटणे हे संसार सुखाचा चालल्याचे लक्षण समजतात, त्यामुळे कुणी टोकतही नाही. पँटचा नंबर हे कंबरेचे माप नव्हे, कारण पोट वाढू लागले की पँट पोटाच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. खरे माप असे घ्यावे. सकाळी, शर्ट वर करून, पाय किंचित फाकवून सरळ उभे राहावे. बाजूला शेवटची बरगडी आणि खाली कंबरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोहोंच्या मधोमध शिवणाची टेप जमिनीला समांतर धरावी, पोट आत न ओढता सहज श्वास सोडावा आणि तेव्हा आकडा वाचावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. याहून सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. यजमानांच्या उंचीच्या निम्मे म्हणजे ८६ सेंटिमीटर. ३४ इंच म्हणजे ८६.४ सेंटिमीटर. पोटाखाली घातलेली पँटच ही मर्यादा गाठते आहे; पोटाच्या उंचवट्यावर टेप काय दाखवेल ते आपणच मोजून पाहावे.

मधुमेहाचा धोका ओळखण्यासाठी चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ मध्ये एक गुणपत्रिका तयार केली. तिच्यात वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी आहेत. बीएमआयला तिच्यात जागाच दिलेली नाही. ३५ ते ४९ वयाचे २०, व्यायाम नाही आणि काम बैठे याचे ३०, एका पालकाला मधुमेह याचे १० गुण. यजमानांचे कंबर न मोजताच ६० झाले, आणि ६० पासून पुढे धोका जास्त समजतात. कंबर ९० च्या वर निघाली तर आणखी १० वाढतील. त्यांनी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी), कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड्स, यकृताची एसजीपीटी ही चाचणी आणि रक्तदाब या महिन्यातच तपासून घ्यावेत. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आल्यास मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत असे समजावे. १२६ किंवा ६.५ च्या पुढे गेल्यास चाचणी पुन्हा करून निदान पक्के करतात. ही वाट त्यांची एकट्याची नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात बीएमआयनुसार लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के आणि पोटाच्या घेरानुसार लठ्ठ प्रौढ ३९.५ टक्के निघाले. मधला जो मोठा गट आहे, ज्याला तक्ता ठीक म्हणतो आणि टेप नाही म्हणते, त्यात ते असण्याची शक्यता मला दाट वाटते.

त्यांनी काय करावे? ६७ किलोंचे ६० करण्याच्या मागे लागू नये. तसे केल्यास बारीक हातपाय आणखी बारीक होतील. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हवाला मी अशा वेळी आवर्जून देतो. रोजचे चालणे आणि आहारातील बदल यांमुळे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि नवल म्हणजे त्या लोकांचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले. काटा हलला नाही म्हणून महिनाभरात चालणे सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवे. आठवड्याला १५० मिनिटे बोलताना किंचित धाप लागेल असे चालणे, दोन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर किंवा हलकी वजने, आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली यांनी सुरुवात करावी. जेवणानंतर चालणाऱ्या पायांचे स्नायू रक्तातील साखर उचलतात, हे त्यामागचे साधे कारण आहे. धूम्रपान असेल तर ते थांबवणे वरच्या सर्वांपेक्षा महत्त्वाचे.

आता आपल्याविषयी. आपली कंबर अहवालात ७८ सेंटिमीटर नोंदवली आहे. ती ८० च्या आत आहे, आणि उंचीच्या निम्म्याच्या, म्हणजे ७८.५ च्याही, अगदी काठावर का होईना, आत आहे. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सामान्य मर्यादेत असल्याचे आपण लिहिले आहे. तेव्हा ‘अतिवजन’ हा शेरा खरा असला, तरी आज त्याने आपल्या शरीरात काही बिघडवले आहे असे दिसत नाही. लठ्ठपणा या शब्दाच्या व्याख्येवर जानेवारी २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हीच भूमिका घेतली: बीएमआयला कंबरेच्या मापाची किंवा चरबीच्या प्रत्यक्ष मोजणीची जोड द्यावी, आणि अवयवांच्या कामात अडथळा आणणारा लठ्ठपणा अजून तसा अडथळा न आणलेल्या अवस्थेपासून वेगळा ओळखावा. असा भेद करणे मला पूर्णपणे पटते, कारण पहिल्या अवस्थेत उपचार आणि दुसऱ्या अवस्थेत राखण हवी असते.

व्यायामशाळेतील यंत्र पायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून शरीरातील पाण्याचा अंदाज घेते आणि त्यावरून चरबीचे गणित मांडते. पाणी कमी प्यालेले असणे, नुकताच घाम गाळलेला असणे, पाळी जवळ येणे, यांपैकी कशानेही त्याचा आकडा सरकतो. तेच यंत्र, सकाळची तीच वेळ, रिकामे पोट, अशा अटींवर तीन-तीन महिन्यांनी पाहिल्यास दिशा कळते. एका दिवसाच्या ३६ टक्क्यांवर झोप घालवू नये.

लग्नाच्या वेळचे ५० किलो हे उद्दिष्ट सोडून द्यावे, ही माझी स्पष्ट सूचना आहे. त्या वजनाचा बीएमआय २०.३ येतो, तो वाईट नाही. पण विशीतले शरीर आणि त्यानंतरची वीस वर्षे, बाळंतपणे, बदललेली पाळी यांतून आलेले शरीर यांना एकाच आकड्यात कोंबण्याच्या प्रयत्नात बायका स्वतःची उपासमार करतात. अशा वेगाने उतरवलेल्या वजनात स्नायू जातात, केस गळतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि वर्षभरात वजन परत येते तेव्हा ते बहुतांशी चरबीच्या रूपात येते. ‘उंची वजा शंभर’ हा आपण विचारलेला ठोकताळा पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. तो आपल्याला ५७ किलो सांगतो आणि योगायोगाने तो बीएमआय २३ च्या जवळच आहे. १८० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मात्र तो ८० किलोंची, म्हणजे २४.७ ची, सूट देतो. म्हणून मध्यम उंचीपुरताच तो वापरावा. आपण सध्या ६१ चे ५८ एवढेच ध्येय ठेवावे. पाच टक्के घटही रक्तदाब, साखर आणि यकृतातील चरबी यांच्यावर परिणाम दाखवते, आणि चार ते सहा महिन्यांत, महिन्याला अर्धा ते पाऊण किलोच्या बेताने ती सहज साधते.

ती कशी साधावी, हे सांगताना मी घरातील तेलाच्या डब्यापासून सुरुवात करतो. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३८ ग्रॅम तेल येते आणि त्यातूनच जवळजवळ ३५० कॅलरी जातात. बैठे काम करणाऱ्याला तेल, तूप, लोणी असे वरून घातलेले सर्व स्निग्ध पदार्थ धरून २० ते ३० ग्रॅम पुरेसे असतात. तोच डबा दीड महिना पुरवला, तर कोणतेही नवे पथ्य न करता प्रत्येकाच्या दिवसाला शंभराहून अधिक कॅलरी वाचतात. दुसरी गोष्ट प्रथिनांची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे आपल्याला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून साधारण सात, एका अंड्यातून सहा आणि पाव लिटर दुधातून आठ ग्रॅम मिळतात. पोळी-बटाट्याची भाजी आणि पातळ वरण अशा ताटात हा हिशेब जमत नाही. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत यायला हवे. भाकरी सोडू नये. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी वरी, दाणे आणि ताक यांवर भर द्यावा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि खिचडीतील तुपासह तो नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतो.

वजन घटवण्याच्या नव्या इंजेक्शनांविषयीही आपण विचारले आहे. ती गुणकारी औषधे आहेत, पण ती बीएमआय ३० च्या पुढील, किंवा २७ च्या पुढे असून वजनाशी निगडित आजार असलेल्या व्यक्तींसाठी मान्य झालेली आहेत. आपल्याला त्यांची गरज नाही.

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचानंतर वजन करावे. रोज केल्यास मीठ आणि पाणी यांचे चढउतार वाचण्यात मन गुंतते. उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून नव्याने मोजावी, कारण अंदाजाने सांगितलेल्या उंचीत तीन सेंटिमीटरची चूक झाली तर आपला बीएमआय जवळजवळ एकाने बदलतो. कंबर दर तीन महिन्यांनी मोजावी. वजन स्थिर असूनही ती ८० च्या पुढे गेली, तर पुढील वार्षिक तपासणीची वाट न पाहता साखर आणि थायरॉईड पाहून घ्यावे. पाळी थांबण्याच्या आधीच्या वर्षांत चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्यामुळे ४५ ते ५५ या वयात काट्याहून टेपेवर अधिक लक्ष ठेवावे लागते. गर्भारपणात, पायांवर किंवा पोटात सूज असताना आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी हे तक्ते वापरायचे नसतात. मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे आलेख आहेत.

सासूबाईंची तपासणी झाल्यावर अहवाल काय आले ते कळवावे. तोपर्यंत त्यांच्या जेवणात तूप, दूध, अंडी चालत असल्यास अंडी, आणि चावायला मऊ असे मुगाचे घट्ट वरण वाढवावे, आणि त्या कमी जेवल्या म्हणून घरात कुणीही त्यांचे कौतुक करू नये.